नानांची गोळी आणि दहाव्याचा कावळा

तुळशीदास डेरे यांना माणसं दोन नावांनी ओळखत. शाळेत ते भाऊसाहेब, म्हणजे हेडक्लार्क. तिथं त्यांचा आवाज इतका बारीक, की दाखल्यासाठी आलेल्या पालकाला "उद्या या" एवढं ऐकायलासुद्धा खिडकीतून डोकं आत घालावं लागे. पण माघ उजाडला, गावोगाव बैलगाडे पळायला लागले आणि शर्यतीच्या घाटावर हातात माइक आला, की भाऊसाहेबांचे तुळशीनाना होत. खाली गाडा सुटला, की वर मांडवात नानाही सुटत. "आली आली आली, बघा कशी आली, भिर्रर्र... झाली! झाली! झाली!" चार बैल, पुढं पळणारी घोडी आणि नाना, यांत निशाणापाशी आधी कोण पोचलं यावर घाटात वाद होत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांच्या तोडीचा निवेदक नाही असं लोक म्हणत. नानांचं स्वतःचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

गावात केबलची वायर आली त्या सालची गोष्ट. माघातल्या पहिल्याच घाटावर एक बारी, म्हणजे गाड्याची एक दौड, अशी काही पळाली, की नाना "झाली" म्हणाले आणि मटकन खाली बसून आडवेच झाले. छातीत धडधड, हाताला कंप, डोळ्यांपुढं काजवे. माइक चालूच होता आणि तो नेमका छातीवर पडला. त्यामुळे पुढं बराच वेळ सगळ्या घाटानं नानांच्या काळजाचे ठोके कर्ण्यावरून ऐकले. काही जाणत्या मंडळींना पुढची बारी सुटली असं वाटलं, आणि त्यांनी वाट मोकळी करून दिली.

बायकोनं, कुशाबाईनं, त्यांना तसंच जीपमध्ये घालून आळेफाट्याला डॉक्टर अश्विनीकडे नेलं. अश्विनी त्यांच्याच शाळेची विद्यार्थिनी. "हिचा शाळा सोडल्याचा दाखला मी माझ्या हातानं लिहिलाय," असं नाना जीपमध्ये दोनदा म्हणाले. जिचा दाखला आपण लिहिला ती आपल्याला काय तपासणार, असा त्यातला भावार्थ होता. तिनं मात्र तपासलं. रक्तदाब बघितला, कार्डिओग्रामची लांबलचक पट्टी काढली, ती उलटसुलट वाचली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, हृदय चांगलं आहे तुमचं. फक्त ते फार ऐकतं."

"कुणाचं? माझं?" नानांना बरं वाटलं. घरात त्यांचं ऐकणारं कुणीतरी निघालं होतं.

"ॲड्रेनालिनचं. तुम्ही चिडलात, घाबरलात, उत्साहात आलात, की मूत्रपिंडावरच्या एका छोट्या ग्रंथीतून तो रस सुटतो आणि रक्तातून हृदयाकडे जातो. तिथं त्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. तो तिथं बसला, की हृदयाला सांगतो, पळ. मग हृदय जोरात पळतं, रक्तदाब चढतो, हात कापतात."

"बसायच्या जागा म्हणजे?"

"तुम्ही एसटीनं जुन्नरला जाताना खिडकीतून रुमाल टाकून सीट धरता ना?"

"धरतो." नाना अभिमानानं म्हणाले. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस आळेफाट्याच्या स्टँडवर नव्हता.

"ही गोळी म्हणजे तो रुमाल. ती आधीच जाऊन सगळ्या सीटा धरून ठेवते. रस येतो, बघतो तर जागा भरलेल्या. तो बिचारा दांडीला लोंबकळत उभा राहतो. त्याला ड्रायव्हरच्या कानात ओरडता येत नाही. ड्रायव्हर आपल्या चालीनं गाडी चालवतो. ठोके कमी, जोर कमी, हृदयाला कष्ट कमी. म्हणून हिला बीटा ब्लॉकर म्हणतात. हातपाय जरा गार वाटतील, थोडं थकल्यासारखं होईल, घाबरायचं नाही. दम्याची तक्रार नाही ना?"

"दमा न्हाई, दम देत्यात तेवढं," कुशाबाई म्हणाली.

"आणि एक नीट ऐका. गोळी मनानं बंद करायची नाही. गोळी चालू असताना हृदय हळूहळू जास्तीची बाकडी टाकून ठेवतं. तुम्ही एकदम रुमाल उचललेत, तर सगळी गर्दी एकदम बसेल आणि सगळी मिळून ओरडेल. मग गाडी कुठं जाईल सांगता येत नाही. थांबवायची झाली तर मी सांगेन तशी हळूहळू."

नानांनी मान डोलावली. एसटीचा भाग त्यांना पटला होता. बाकीचा भाग त्यांनी डॉक्टरचा मान म्हणून ऐकून घेतला.

घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला, की त्याच्यावर पहिला हक्क शेजाऱ्यांचा असतो. शेजारचा नवनाथ लसणाच्या पाकळ्या घेऊन आला. या गोळ्या म्हणजे लग्नासारख्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत, असं तो म्हणाला. समोरची सरूबाई नुसती उंबऱ्यात बसून राहिली आणि अधूनमधून "काळजाची गोळी सुरू झाली म्हंजी..." एवढं म्हणून वाक्य हवेत सोडून द्यायची. नानांनी हे वाक्य तीन वेळा मनातल्या मनात पुरं करून बघितलं. एकदाही शेवट चांगला झाला नाही.

गोळी मात्र लागू पडली. धडधड थांबली, हाताचा कंप गेला. शाळेत शिक्षण खात्याची तपासणी आली तेव्हा नाना इतके शांत बसले होते, की तपासणीला आलेले साहेबच अस्वस्थ झाले. हा क्लार्क घाबरत नाही म्हणजे याचा वरपर्यंत हात असणार, असा त्यांनी अंदाज केला आणि चहा घेऊन परत गेले. घरी कुशाबाईची वेगळीच अडचण झाली. ती भांडण काढायची आणि नाना "बरोबर आहे तुझं" म्हणायचे. "भिताडाशी भांडल्यावानी वाटतंय," असं तिनं सरूबाईला सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला असं एकटं कधी पाडलं नव्हतं.

आणि मग तो काळा दिवस आला. शेजारच्या गावचा घाट होता, मांडव गच्च भरला होता, आणि पहिली बारी सुटली. नानांनी माइक तोंडाशी धरला. माइक उजव्या हातात होता, आणि डावा हात त्यांच्या नकळत उजव्या मनगटाच्या नाडीवर जाऊन बसला. छातीत काय चाललंय इकडे एक कान, घाटाकडे दुसरा. आणि कर्ण्यातून आवाज आला तो असा:

"गाडा सुटलेला आहे. गाडा येत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी. झाली."

पुढची घोडी अर्ध्यावर येऊन चालायला लागली. दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या आणि शेजारच्याला विचारलं, "कोन गेलं?" नानांनी पुढच्या बारीला जोर लावून बघितला, तर आवाज मोठा झाला पण तो शाळेच्या प्रार्थनेनंतरच्या सूचनेसारखा निघाला. दुपारी तिथल्या मंडळींनी त्यांना फार आदरानं सावलीत बसवलं, ऊस खायला दिला आणि माइक दुसऱ्याच्या हातात दिला. त्या उसाची चव नानांना कळली नाही. इतका अपमान त्यांचा उभ्या जन्मात झाला नव्हता, आणि तोही आदरानं.

त्याहून वाईट म्हणजे त्या आठवड्यात त्यांना दोन आमंत्रणं आली, दोन्ही दहाव्याची. आपल्या भागात दहाव्याला नदीकाठी प्रवचन असतं आणि नंतर श्रद्धांजलीची भाषणं असतात. माणूस जेवढा मोठा तेवढी भाषणं लांब. याआधी नानांना दहाव्यावर माइकच्या जवळपास कुणी फिरकू देत नसे. आता मात्र लोक म्हणायला लागले, की डेरे भाऊसाहेबांसारखं दुःख कुणाला बोलता येत नाही. एका दहाव्याला तर त्यांचं बोलणं ऐकून सुतकात नसलेली माणसंही रडली. नाना घरी आले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले.

गावची यात्रा चैत्रात होती. यात्रा कमिटीचे अध्यक्ष रखमाजी. द्राक्षाचे बागायतदार, मिशा मोठ्या, मन त्याहून मोठं, पण गावाच्या यात्रेपुढं त्यांना सख्खा भाऊ दिसत नसे. त्यांनी नानांना देवळातल्या बैठकीला बोलावलं.

"नाना, तुमी आमचे," रखमाजी म्हणाले. नाना सावध झाले. वाक्याची सुरुवात अशी झाली, की शेवट वाईट असतो हे त्यांना क्लार्कगिरीतून ठाऊक होतं. "पन यात्रा गावाची हाये. तिकडं आंबेगावचा गोरख मागं लागलाय, त्यो बी घाटात माइकवर बोलतोय. त्याच्याकडं ते नवीन मशीन हाये, एकदा बोललं की चारदा ऐकू येतंय. पोरं म्हनत्यात त्यालाच सुपारी द्या."

"वीस वर्षं हा घाट माझ्या आवाजावर पळालाय," नाना म्हणाले. त्यांना संताप आला होता. पण छाती धडधडेना, हात थरथरेना. आपल्याला राग आलाय की नाही याचीच त्यांना खात्री वाटेना. समोरच्यांना तर ते हवापाण्यावर बोलतायत असं वाटलं.

"बगा, हे असं," एक सभासद म्हणाला. "राग आल्यावर तरी रागावलं पायजे मानसानं."

शेवटी कमिटीनं तोडगा काढला. नानांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं, गोल शिक्क्याचं. मजकूर नानांनीच जागेवर तयार केला, कारण मसुदा दुसऱ्यानं केलेला त्यांना चालत नसे: "सदर निवेदक उत्तेजित होण्यास शारीरिकदृष्ट्या पात्र आहेत."

डॉक्टर अश्विनीनं तो कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"भाऊसाहेब, कामावर रुजू होण्यास योग्य, असं मी लिहून देते. ओरडण्यास योग्य असा दाखला नसतो."

"मग गोळी बदला. आवाज शाबूत ठेवणारी द्या."

"गोळी हृदय धरते, जीभ नाही. तुमचा आवाज कुठं गेलेला नाही. तुम्ही बोलताना नाडी धरून बसता, असं ऐकलंय मी. गाड्याकडे बघायचं सोडून छातीकडे बघता. मग आवाज कुठून निघणार?"

हे नानांना मुळीच पटलं नाही. वीस वर्षं आपण छातीनं ओरडतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. घाटात "काळजातून ओरडतोय गडी" अशी दाद मिळायची, ती काय उगाच? आता त्या काळजालाच रुमाल बांधून टाकला, तर ओरडायचं कशानं? परतीच्या एसटीत त्यांनी ठरवलं. गोळी बंद. कुणाला सांगायचं नाही. कुशाबाईला तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाना सकाळी गोळी तोंडात टाकायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, कुशाबाई वळली की खिडकीशी जायचे आणि गोळी नवनाथच्या परड्यात थुंकायचे. दोनच दिवसांत त्यांना रक्त सळसळतंय असं वाटायला लागलं. जिना चढताना छातीत ठोका ऐकू आला, की ते थांबून कौतुकानं ऐकत. रात्री मात्र डॉक्टरचं ते गर्दीचं आणि बाकड्यांचं बोलणं आठवायचं, आणि मग तोच ठोका ऐकून त्यांना घाम फुटायचा. माणसाला आपलंच हृदय सकाळी सोबती आणि रात्री सावकार वाटावं, ही काही बरी अवस्था नव्हे.

इकडे नवनाथच्या परड्यात निराळंच सुरू झालं. त्याचा कोंबडा आळीत नामांकित होता. पहाटे चारला आरवायचा आणि पोस्टमनच्या मागं लागायचा. तो आता ऊन वर आल्यावर एकदा हळूच आरवायचा आणि बसून राहायचा. कुत्रं अंगावर आलं तरी त्याच्याकडे नुसतं बघायचा. नवनाथ तक्रार घेऊन कुशाबाईकडे आला.

"वहिनी, आमचा कोंबडा पार रिटायर झाल्यावानी करतोय बगा. दिष्ट लागली का काय?"

कुशाबाई खिडकीपाशी गेली. तिनं खाली परड्यात बघितलं, मग आत पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "व्हईल बरा," एवढंच म्हणाली. नानांनी पेपर आणखी वर धरला.

यात्रेला पंधरा-वीस दिवस राहिले असताना रखमाजींचे वडील, धर्माजीबाबा, गेले. पिकलं पान होतं. शेतातून आले, ताक प्याले, खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. धर्माजीबाबा म्हणजे बैलगाड्याचं वेड घेऊन जन्माला आलेला माणूस. त्यांच्या बैलांनी एके काळी मंचर, ओतूर, नारायणगाव सगळीकडचे घाट मारले होते. नाना त्यांना वडलांच्या जागी मानत. बातमी ऐकून नाना ओसरीवर बसून ढसाढसा रडले, आणि रडतानाही आपले ठोके वाढलेत का याकडे त्यांचं लक्ष गेलं, याची त्यांना लाज वाटली.

रखमाजींचा निरोप आला, की दहाव्याला नानांनी बोलायचं. निरोप्यानं आणखी एक हळूच सांगितलं. लाऊडस्पीकर गोरखचा आहे, रखमाजी म्हणतायत आज नानांचं ऐकू आणि मग यात्रेच्या सुपारीचं ठरवू.

नानांची अशी कोंडी जन्मात झाली नव्हती. आज शांत बोलायला हवं होतं, आणि गोळी तर बंद. अंगात रस मोकाट सुटलेला, सीटवर एक रुमाल नाही. आज जर आवाज चढला तर दहाव्याची शोभा होणार, आणि यात्रेचा माइकही जाणार. सकाळी त्यांनी चहा घेतला, कुशाबाईची नजर चुकवून गोळी खिडकीतून टाकली आणि देवाला म्हणाले, आजच्या दिवस आवाज खाली ठेव. असं मागणं त्यांनी देवाकडे पहिल्यांदाच केलं.

कुकडी नदीच्या काठी सगळा तालुका लोटला होता. गोरख आंब्याखाली आपलं मशीन मांडून बसला होता. त्यानं नानांना वाकून नमस्कार केला, त्यात गुडघे कमी आणि हसू जास्त होतं. प्रवचन झालं. पिंड मांडले. आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा समोर बाभळीवर होता. पण तो पिंडाकडे बघेना. रखमाजी हात जोडून पुढं झाले. "बाबा, आईला अंतर देनार न्हाई." कावळ्यानं चोच पंखात घातली. "बाबा, बैल इकनार न्हाई." कावळ्यानं चोच काढून दुसऱ्या पंखात घातली. "बाबा, बांधाचं भांडान मिटवतो." हे ऐकून ज्याच्याशी बांधाचं भांडण होतं तो चुलतभाऊ एकदम पुढं सरसावला, पण कावळा जागचा हलला नाही. ऊन चढायला लागलं. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजायला लागल्या, की म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. गुरुजींना पुढं ओतूरला दुसरा दहावा होता. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करू. रखमाजींचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या माणसाचा दहावा गवताच्या कावळ्यावर निभवायचा, हे त्यांच्या जिवाला लागलं.

"नाना, तवर तुमी बोला," रखमाजी म्हणाले.

नाना माइकपाशी गेले. नाडी धरायला डावा हात निघाला. पण त्या हातात कुणीतरी वाहायची फुलं दिली होती, त्यामुळे तो तसाच राहिला.

"धर्माजीबाबा आपल्यातून गेले," नाना हळू म्हणाले. आवाज खाली होता. जमतंय, असं त्यांना वाटलं. "माणसं घाटात बैल बघायला येतात. बाबा माझ्या मांडवाला टेकून डोळे मिटून बसायचे. मी एकदा विचारलं, बाबा, तुमचाच गाडा पळतोय, बघत का नाही? तर म्हणाले, तुळशीदासा, तू बोलतोस त्यात मला चारी बैल दिसत्यात, डोळं उघडलं की दोनच दिसत्यात..."

इथं नानांनी बाहीला डोळे पुसले आणि मान वर केली. आणि नेमका त्याच वेळी बाभळीवरचा कावळा उडाला. खाली झेपावला. त्याच घडीला पलीकडच्या काठावरून आणखी एक कावळा निघाला. दोघंही पिंडाच्या रोखानं. नानांनी ते बघितलं, आणि पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही.

"सुटला! सुटला! सुटला! बाभळीवरून कावळा सुटला! अरे, उजव्या अंगाला बघा, पलीकडचा पाहुणा कावळा आला! पाहुणा पुढं, गावचा मागं! गावचा दाबतोय, दाबतोय, रखमाजीशेठ, वाट सोडा! आली आली आली, बघा कशी आली, भिर्रर्र..."

गोरखचा हात सवयीनं मशीनवर गेला आणि त्यानं बटण पिळलं. आता नदीचे दोन्ही काठ बोलायला लागले. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी हवेत उडवली. गुरुजी पळी हातात धरून मान वळवत होते. एवढ्या गलक्यात कोणताही शहाणा कावळा पळून गेला असता. पण गावचा कावळा सरळ आला, पिंडावर बसला आणि भाताचं शीत उचललं.

"झाली! झाली! झाली!" नाना ओरडले. "झाली... झाली... झाली..." मशीन म्हणालं.

मग नाना भानावर आले. आपण कुठं उभे आहोत, समोर काय मांडलंय, हातात फुलं कशाची आहेत, हे त्यांना एकेक करून कळत गेलं. रखमाजी त्यांच्याकडे चालत येत होते. मिशा थरथरत होत्या. दहाव्याला मार खाणारा तालुक्यातला पहिला माणूस आपणच, असं नानांना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

रखमाजींनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. "बाबाला हेच पायजे व्हतं, नाना. आमी बांध घेऊन बसलो, आन् त्याला तुमचा आवाज पायजे व्हता." नानाही रडले. गोरखनं मशीन बंद केलं, पुढं आला आणि या खेपेला गुडघ्यापर्यंत वाकला. यात्रेचा माइक कुणाचा हे तिथं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही, पण ते ठरलं होतं.

डॉक्टर अश्विनी गर्दीतून वाट काढत आली. धर्माजीबाबा तिचेही पेशंट होते. तिनं आधी नानांना खाली बसवलं आणि मनगट धरलं. नानांनी आता लपवायचं काही कारण नाही असा विचार केला.

"अश्विनी, खरं सांगतो. मी गोळी बंद केलीय. म्हणून तर आवाज निघाला. आता हृदय फुटलं तरी चालेल."

"बंद केली?" तिनं घड्याळाकडे बघितलं, पुन्हा नाडी धरली. "भाऊसाहेब, एवढा आरडाओरडा करून तुमची नाडी देवळातल्या पुजाऱ्यासारखी चालली आहे. गोळी बंद केलेल्या माणसाची नाडी अशी नसते. ही गोळी पोटात असलेल्याची आहे."

"अशक्य. रोज खिडकीतून टाकतोय."

"त्ये टाकत्यात," कुशाबाई मागून म्हणाली. "आन् मी रोज च्यात दुसरी गोळी कुटून टाकतीया. कोंबडा निजला तवाच कळलं मला. म्हनलं, परड्यातल्या कोंबड्याला बीपीची गोळी आन् घरातल्याला न्हाई, असं कसं चालंल?"

भोवतीची माणसं हसायला लागली. नानांना हसू येईना. ते विचारात पडले होते. गोळी पोटात होती, सगळे रुमाल जागच्या जागी होते, ड्रायव्हर आपल्या चालीनं गाडी चालवत होता. मग ओरडलं कोण? ज्या काळजाच्या जिवावर आपण वीस वर्षं मिरवलो, त्याला तर आजच्या भानगडीचा पत्ताही नव्हता. दोन महिने ऊस चघळत आणि भिंतीकडे तोंड करून काढले ते उगाचच, हे ध्यानात आल्यावर त्यांना कुशाबाईचा राग आला. बऱ्याच दिवसांनी त्यांना तो ओळखूही आला, छाती न धडधडता.

"चहात गोळी घालतेस? मला? हेडक्लार्कला?" ते कडाडले.

"आता कसं," कुशाबाई समाधानानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी सुपारी आणि नारळ देऊन गेले. ते जिना उतरतात तोच बायडाबाई काठी टेकत वर आली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. धर्माजीबाबांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिनं पदराखालून एक नारळ आणि सुपारी काढली आणि नानांच्या पुढ्यात ठेवली.

"यात्रेची सुपारी रखमाजीनं दिली, आजी," नाना म्हणाले.

"यात्रंची न्हाई रं. ही माझ्या दहाव्याची."

नाना दचकले. "असं काय बोलता? तुम्हाला काय झालंय?"

"मला काय बी झालं न्हाई, म्हनून तर आली. झाल्यावर कशी येनार? काल बगितलं मी. दर्भाचा कावळा मला चालायचा न्हाई, आन् लेकांच्या आनाभाकांवर माझा इस्वास न्हाई. तू माइकावर उभा ऱ्हा आन् म्हन. कावळा येतोय."

"अहो, पण तुम्ही शंभरी गाठणार."

"म्या काय गाठायचं ते गाठीन. तू टिकला पायजेस. मला दुसऱ्याचा आवाज चालनार न्हाई." तिनं काठी जमिनीवर आपटली. "म्हनून सांगते, तुळशीदासा, गोळी चुकवू नगं."

नानांनी नारळ मांडीवर घेतला आणि आत हाक मारली, "अगं, माझी गोळी चहात टाकली नसलीस तर इकडं आण. आजींच्या समोरच घेतो."